आवडतं, उत्तम आणि ‘खरं’ : ग्रंजच्या एका वादातून शिकलेला धडा

आपल्या मंडळाच्या सप्टेंबरच्या बैठकीला जे हजर होते, त्यांना फळ्यावरची ती यादी आठवत असेल. विषय होता ‘मला आवडलेलं गाणं : एक रसग्रहण’. कुणी भावगीत आणलं, कुणी अभंग, एकाने नाट्यपद म्हणूनही दाखवलं. माझी पाळी आली तेव्हा मी अमेरिकेतल्या सिॲटल शहरातल्या ॲलिस इन चेन्स या बँडचं नाव घेतलं आणि मागच्या बाकावरून माझा वर्गमित्र ओरडला, “पर्ल जॅम असताना?” तिसरा उठला, “दोघंही बसा, निर्वानाशिवाय तुम्हाला कुणी ओळखलं नसतं.” पुढची चाळीस मिनिटं रसग्रहण बाजूला राहिलं. फळ्यावर रकाने पडले, गुण दिले गेले, खोडले गेले. सरांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं.

शेवटी मी एक वाक्य फेकलं : “ज्याने गाण्याची किंमत जिवाने चुकवली तो खरा. बाकीचे अजून आरामात दौरे करतायत.” टाळ्या पडल्या. वाद मी जिंकला.

हा लेख ते वाक्य मागे घेण्यासाठी आहे. का मागे घेतेय, ते शेवटी सांगते. पण नुसतं ‘चुकलं’ म्हणून भागणार नाही. आपण साहित्याचे विद्यार्थी आहोत, तर चूक नेमकी कुठे झाली ते पायरीपायरीने पाहू. आवडत्या गाण्यांवर, कवींवर, नटांवर आपण सगळेच भांडतो, त्यामुळे हा धडा माझ्या एकटीच्या कामाचा नाही.

आधी थोडी ओळख

ज्यांनी ही गाणी ऐकलेली नाहीत त्यांच्यासाठी. ग्रंज म्हणजे मळ, घाण. सिॲटल हे अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातलं शहर. ऐंशीच्या दशकात मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या नकाशावर ते जवळजवळ नव्हतंच. तिथल्या पोरांनी पंक आणि हेवी मेटल या दोन एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या प्रकारांचा काला केला. १९८६ मध्ये ‘डीप सिक्स’ नावाची एक संकलित रेकॉर्ड निघाली. तिच्यात साउंडगार्डन, मेल्विन्स, ग्रीन रिव्हर असे सहा स्थानिक बँड होते. १९८७ मध्ये सब पॉप या छोट्या कंपनीने ग्रीन रिव्हरच्या रेकॉर्डची जाहिरात करताना ‘ग्रंज’ हा शब्द वापरला आणि तो चिकटला. ज्यांना तो चिकटला त्यांतल्या बहुतेकांना तो आवडला नाही. आपल्याकडे ‘साठोत्तरी’ म्हटलं की काही लेखक नाक मुरडतात, तसंच.

सब पॉपची सुरुवातही आपल्या ओळखीची वाटेल. ब्रूस पॅव्हिट या तरुणाने १९८० च्या सुमारास ‘सबटेरेनियन पॉप’ नावाचं एक हौशी नियतकालिक काढलं, त्यातून पुढे कंपनी झाली. ‘असो’ आणि ‘वाचा’ काढणाऱ्या आपल्या लघुअनियतकालिकवाल्यांना ही गोष्ट सांगितली असती तर त्यांना अजिबात नवल वाटलं नसतं. कुणी छापत नाही ना, मग आपणच छापू.

ग्रीन रिव्हर १९८८ पर्यंत फुटला. एका तुकड्यातून मडहनी निघाला, दुसऱ्यातून मदर लव्ह बोन. मदर लव्ह बोनचा गायक अँड्र्यू वुड मार्च १९९० मध्ये हेरॉइनमुळे गेला. उरलेल्यांपैकी दोघांनी पुढे पर्ल जॅम उभा केला. मग १९९१ उजाडलं. ऑगस्टमध्ये पर्ल जॅमचा ‘टेन’, सप्टेंबरमध्ये निर्वानाचा ‘नेव्हरमाइंड’, ऑक्टोबरमध्ये साउंडगार्डनचा ‘बॅडमोटरफिंगर’. पुढच्या वर्षी ॲलिस इन चेन्सचा ‘डर्ट’. साउंडगार्डनचा गिटारवादक किम थायिल याचे आईवडील केरळमधून अमेरिकेत गेलेले. तो सिॲटललाच जन्मला आणि तिथल्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकला. एवढी ओळख पुरे. आता फळ्याकडे वळू.

पहिली पायरी : तीन शब्द वेगळे ठेवा

आमच्या वादात तिघं तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते आणि प्रत्येकाला वाटत होतं की समोरचा आपल्याच प्रश्नाचं चुकीचं उत्तर देतोय.

निर्वानावाला म्हणत होता ‘महत्त्वाचं’. त्याचा मुद्दा इतिहासाचा होता. जानेवारी १९९२ मध्ये ‘नेव्हरमाइंड’ने मायकेल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला हटवून अमेरिकेच्या खपाच्या यादीत पहिला क्रमांक घेतला. त्यानंतर मोठ्या कंपन्या सिॲटलच्या गल्ल्यांतून करारपत्रं घेऊन फिरू लागल्या. हे घडलं, यात वाद नाही. पण महत्त्वाचं ते उत्तमच असेल असं नाही. मडहनीचं ‘टच मी आय’म सिक’ १९८८ मध्ये आलं, त्याने त्या आवाजाचा साचा घालून दिला, पण खप किरकोळ. मग ते महत्त्वाचं की बिनमहत्त्वाचं? कुणासाठी, हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

पर्ल जॅमवाला म्हणत होता ‘आवडतं’. त्याच्या मोठ्या भावाने बारावीच्या सुट्टीत त्याला ती गाणी ऐकवली होती. या आवडीला कुणी आव्हान देऊ शकत नाही आणि द्यायचं कारणही नाही. गुळाची पोळी आवडते म्हणणाऱ्याकडे पुरावा मागत नाहीत.

आणि मी? मी ‘उत्तम’ म्हणत होते, पण पुरावे भलत्याच गोष्टीचे देत होते. त्याकडे येतेच. पहिला धडा एवढाच की भांडण सुरू करण्यापूर्वी आपण तिन्हीपैकी कोणता शब्द वापरतोय ते जाहीर करावं. अर्धी भांडणं तिथेच मिटतात. उरलेली अर्धी मग खरोखर घालण्यासारखी असतात.

दुसरी पायरी : कानाने बोला

चाळीस मिनिटांत गाण्याच्या आत काय चाललंय यावर कुणी मोजून तीन वाक्यं बोललं असेल. कवितेवर बोलताना आपण छंद पाहतो, प्रतिमा पाहतो. गाण्याच्या बाबतीत मात्र थेट ‘कसलं भारी आहे यार’.

चार उदाहरणं देते. निर्वानाचं ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ चार कॉर्ड्सवर उभं आहे. कडवं दबक्या आवाजात, धृपद आलं की भिंत कोसळल्यासारखा गोंगाट. ही युक्ती आपण पिक्सीज या बँडकडून उचलली हे कर्ट कोबेनने स्वतः कबूल केलं होतं. म्हणजे ज्याला आपण त्या पिढीचा उत्स्फूर्त उद्गार म्हणतो, ते जाणीवपूर्वक बांधलेलं गाणं आहे. यात कमीपणा काही नाही. ओवी ज्ञानेश्वरांनी शोधलेली नव्हती.

साउंडगार्डनचं ‘स्पूनमन’ घ्या. त्याची मुख्य गिटारची ओळ सात मात्रांची आहे. रॉक ऐकणारा चारची सवय असलेला माणूस तिथे अडखळतो, पाय चुकतो. तबला शिकलेला माझा एक मित्र ते पहिल्यांदा ऐकताना शांतपणे बोटं मोजत म्हणाला, “सात आहेत. रूपकात सात असतात ना, आता याची विभागणी कशी ते बघू.” मी कित्येक महिने जे ‘विचित्र’ म्हणत होते ते त्याने एका मिनिटात मोजलं. आणि हे गाणं कुणावर? सिॲटलच्या रस्त्यावर चमचे वाजवणाऱ्या एका कलावंतावर. रेकॉर्डमध्ये चमचे त्यानेच वाजवलेत.

तिसरं उदाहरण गिटारच्या तारेचं. सगळ्यांत जाड तार ‘ई’ स्वरात लावायची सोडून एक पूर्ण स्वर खाली, ‘डी’ला उतरवायची. आवाज जड होतो आणि एका बोटाने तीन तारा दाबून जाडजूड कॉर्ड वाजवता येते. साउंडगार्डन आणि ॲलिस इन चेन्स यांनी हे भरपूर वापरलं. चर्चच्या क्वायरमध्ये मी गिटार वाजवते. एकदा सरावाच्या आधी तार उतरवून पाहिली आणि परत चढवायची विसरले. त्या रविवारचं प्रवेशगीत फार गंभीर झालं होतं.

चौथं, लेन स्टेली आणि जेरी कँट्रेल यांचे दोन आवाज. ॲलिस इन चेन्समध्ये ते एकमेकांना खेटून चालतात, पण गोडव्यासाठी नव्हे. त्या जवळिकीत एक घर्षण आहे. हा बँड मला का आवडतो याचं खरं उत्तर हे होतं. बैठकीत मी ते दिलंच नाही.

तिसरी पायरी : ‘खरं’ आणि ‘नकली’ यांपासून सांभाळून

ग्रंजच्या चाहत्यांमधलं सगळ्यांत जुनं भांडण म्हणजे खरे कोण आणि नकली कोण. निर्वानाचा पहिला अल्बम ‘ब्लीच’ ६०६ डॉलर आणि १७ सेंटमध्ये रेकॉर्ड झाला, हा आकडा चाहते मंत्रासारखा म्हणतात. स्वस्त म्हणजे खरं. पण त्याच न्यायाने उत्तम स्टुडिओत घासूनपुसून केलेला ‘नेव्हरमाइंड’ खोटा ठरायला हवा आणि तो ठरवायला कुणी तयार नसतं.

नोव्हेंबर १९९२ ची एक गंमत सांगते. न्यूयॉर्क टाइम्सला ग्रंजवाल्या पोरांची ‘खास बोली’ छापायची होती. त्यांनी सब पॉपमध्ये पूर्वी काम केलेल्या मेगन जॅस्परला विचारलं. तिने जागच्या जागी शब्द रचून सांगितले आणि पेपरने ते गंभीरपणे छापले. त्याच सुमारास मार्क जेकब्ज या डिझायनरने फ्लॅनेलच्या शर्टांचा ग्रंज थाट फॅशनच्या मंचावर चढवला. सिॲटलच्या थंडीपावसात पोरं घालायची ते जुनाट कपडे. ‘खरेपणा’ विकायला निघाला की त्याची बोलीही बनते आणि शिंपीही मिळतो.

सगळ्यांत बोलकं उदाहरण स्टोन टेम्पल पायलट्सचं. हा बँड सिॲटलचा नाही, कॅलिफोर्नियाचा. १९९२ मध्ये त्यांचा ‘कोअर’ आला आणि पर्ल जॅमची नक्कल म्हणून त्यांना झोडपलं गेलं. जानेवारी १९९४ मध्ये रोलिंग स्टोन मासिकाच्या कौलात वाचकांनी त्यांना सर्वोत्तम नवा बँड ठरवलं आणि समीक्षकांनी सर्वांत वाईट नवा बँड. एकच बँड, एकच अंक! आस्वाद आणि समीक्षा यांतलं अंतर शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

त्यांचा गायक स्कॉट वायलंड डिसेंबर २०१५ मध्ये अमली पदार्थांमुळे गेला. आता माझं बैठकीतलं वाक्य इथे लावून बघा. किंमत जिवाने चुकवली तो खरा. म्हणजे ‘प्लश’ हे गाणं तेवीस वर्षं नकली होतं आणि त्या रात्रीत खरं झालं? गाण्यातला एक स्वरही बदलला नव्हता. माझा निकष गाण्याला लागूच होत नव्हता. तो मृत्यूच्या दाखल्याला लागू होत होता.

चौथी पायरी : मरण हा पुरावा नव्हे

कर्ट कोबेन ५ एप्रिल १९९४ ला गेला, वय २७. लेन स्टेली ५ एप्रिल २००२ ला, वय ३४. ख्रिस कॉर्नेल मे २०१७ मध्ये, वय ५२. या तारखा कळल्या की आपण गाणी उलटीकडून ऐकायला लागतो. प्रत्येक ओळीत शेवटची चाहूल दिसते. बालकवींबाबत आपण हेच करतो. १९१८ मध्ये भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले, तिशीही गाठली नव्हती. त्यानंतर त्यांच्या उदास कवितांत वाचकांना भविष्य दिसू लागलं. कविता आधी लिहिलेली, अपघात नंतरचा. क्रम लक्षात ठेवला की हा भास ओळखता येतो.

बरं, दुःख गाणाऱ्याचं स्वतःचंच असतं हे तरी खरं का? ॲलिस इन चेन्सचं ‘रूस्टर’ जेरी कँट्रेलने लिहिलं. विषय त्याच्या वडिलांचा व्हिएतनाम युद्धातला अनुभव. गायलं लेन स्टेलीने. म्हणजे भोगलं एकाने, लिहिलं दुसऱ्याने, गायलं तिसऱ्याने. आणि आपल्या अंगावर काटा येतो. मग ‘खरं’ कुठे आहे? मला वाटतं, त्या तिघांनी एकमेकांचं नीट ऐकलं यात आहे.

अँड्र्यू वुड गेला तेव्हा त्याच्याबरोबर एका घरात राहिलेला ख्रिस कॉर्नेल मागे राहिला. त्याने दोन गाणी लिहिली, वुडचे सहकारी बोलावले, नुकताच शहरात आलेला एडी वेडर नावाचा लाजरा मुलगाही आला आणि एप्रिल १९९१ मध्ये ‘टेंपल ऑफ द डॉग’ हा अल्बम निघाला. सुरुवातीला फारसं कुणी विचारलं नाही. हे मागे राहिलेल्यांचं काम आहे. रडून झाल्यावर उठून, तारा लावून, माइकपुढे उभं राहण्याचं.

आणि तो वेडर. सॅन डिएगोत पेट्रोल पंपावर रात्रपाळी करणाऱ्या या पोराने सिॲटलहून आलेल्या टेपवर स्वतःचे शब्द गाऊन ती परत पाठवली होती. त्यातलं एक गाणं ‘अलाइव्ह’. ज्याला आपण वडील समजत होतो ते वडील नव्हेत आणि खरे वडील हयात नाहीत, हे एका मुलाला कळतं. त्याच्यासाठी जिवंत असणं हा शाप होता. पण हजारो लोक ते गाणं त्याच्याबरोबर आनंदाने गाऊ लागले आणि त्यांनी शब्दांचा अर्थच बदलला, तो शाप उतरवला, असं वेडरने पुढे सांगितलं आहे. हे व्हायला काही वर्षं लागली. गायक तेवढी वर्षं जगला आणि तेच गाणं पुन्हा पुन्हा गात राहिला, म्हणून ते घडलं. याच बँडच्या कार्यक्रमात जून २००० मध्ये डेन्मार्कच्या रोस्किल्डे महोत्सवात चेंगराचेंगरीत नऊ श्रोते मरण पावले. तो भार घेऊनही ते वाजवत राहिले. मी ज्याला ‘आरामात दौरे’ म्हणाले ते हे.

मी कॅथलिक घरात वाढले. रक्तसाक्षींच्या गोष्टी आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात लहानपणापासून ऐकतो. माझ्या त्या वाक्याचं मूळ थोडं तिथेही असावं. पण रक्तसाक्षी मरण शोधत नसतो आणि व्यसन किंवा नैराश्य ही साक्ष नसते, तो आजार असतो. आजाराला पदक देऊ नये.

ते वाक्य का मागे घेतलं

बैठक संपल्यावर मी फळा पुसत होते. पहिल्या वर्षाची एक मुलगी थांबली होती. तिला विचारूनच हे लिहितेय. ती म्हणाली, “नाव नको, प्रश्न घाल.” तिचा प्रश्न असा होता : “ताई, माझा भाऊ व्यसनमुक्ती केंद्रात आहे. चार महिने झाले, सुधारतोय. तो बरा झाला तर त्याचं दुःख खोटं होतं असं म्हणायचं का?”

माझ्या हातात डस्टर होतं आणि फळ्यावर माझेच गुण. मी काहीतरी पुटपुटले. उत्तर नव्हतंच. टाळ्या वाजवणाऱ्या खोलीत ती एकटी बसली होती आणि मला ते दिसलं नव्हतं. आपण गाण्यांबद्दल बोलतो तेव्हा समोर कोण ऐकतंय हे माहीत नसतं. म्हणून तर नीट बोलायचं.

परवा ती परत भेटली. भाऊ घरी आलाय. तिने त्याला माझी यादी दिली होती. मी म्हटलं, “मग? काय आवडलं?” ती हसली. “मडहनी आवडला म्हणाला. तुझं ॲलिस इन चेन्स त्याला रडकं वाटतं.”

मडहनी १९८८ पासून वाजवतोय, त्यांचा गायक मार्क आर्म याने बरीच वर्षं सब पॉपचं गोदामही सांभाळलं. चांगला बँड आहे. पण ॲलिस इन चेन्स रडका? हे मला मान्य नाही. त्याला म्हणावं, ये एकदा बैठकीला. दोन आवाजांच्या त्या घर्षणावर मी पूर्ण अर्धा तास भांडायला तयार आहे.

पुढच्या बैठकीसाठी स्वाध्याय

१. एक गाणं आणा. गायकाचं नाव, वय, तो हयात आहे की नाही, काहीही सांगू नका. फक्त ऐकवा. ऐकणाऱ्यांनी पाच वाक्यं लिहावीत आणि नाव त्यानंतर उघड करावं. नाव कळल्यावर कोणतं वाक्य बदलावंसं वाटलं, त्याखाली रेघ मारा.

२. तुमच्या आवडत्या कवीबद्दल तीन वाक्यं लिहा : एक ‘आवडतं’साठी, एक ‘उत्तम’साठी, एक ‘महत्त्वाचं’साठी. तिन्हींत एकच कारण आलं तर पुन्हा लिहा.

३. गेल्या वर्षभरात तुम्ही जिंकलेला एखादा वाद आठवा. त्या खोलीत गप्प कोण बसलं होतं?